संत अंतोनींची जीभ आणि गावाची विहीर

जून लागला आणि पाऊस लांबला, की गोव्याच्या खेड्यांतील भाविकांची नजर आकाशावरून वेदीवरील संत अंतोनींकडे वळते. १३ जून हा त्यांचा सण. मोसमी पाऊसही साधारण याच सुमारास येणारा. काही गावांत तर मूर्तीला दोरी बांधून ती विहिरीत उतरवण्याची चाल होती: पाऊस पडेपर्यंत संताने तेथेच राहावे. या चालीला हसणे सोपे आहे, रागावणे त्याहून सोपे. परंतु ती कशी टिकली, हे पाहणे आम्हां उपदेशकांना अधिक उपयोगाचे आहे.

ज्यांना आपण पादुआचे म्हणतो ते अंतोनी मूळचे लिस्बनचे. ११९५ च्या सुमारास जन्मलेला हा फर्नांदो प्रथम ऑगस्तीनपंथीय झाला. मोरोक्कोत हुतात्मा झालेल्या फ्रान्सिस्कन बंधूंचे अवशेष कोइंब्रास आले, तेव्हा १२२० मध्ये त्याने त्यांचा झगा पत्करला. १२२२ मध्ये इटलीतील फोर्ली येथे ऐनवेळी बोलावयास सांगितले गेले, आणि या अबोल बंधूच्या ठायी केवढे पवित्र शास्त्र साठले होते ते ऐकणाऱ्यांस कळले. १३ जून १२३१ रोजी त्यांचे निधन झाले. वर्षही पुरे होण्याआधी, ३० मे १२३२ रोजी, पोप ग्रेगरी नववे यांनी त्यांना संतपद दिले. १२६३ मध्ये संत बोनाव्हेंतुरा यांच्या समक्ष शवपेटी उघडली, तेव्हा देह मातीस मिळालेला, पण जीभ शाबूत, असे परंपरा सांगते. म्हणजे ज्यांच्याकडे आज आपण हरवलेली किल्ली मागतो, ते मुळात वचनाचे सेवक होते.

हे आपल्या पूर्वसूरींनी ओळखले होते. येशूसंघीय आंतोनियु द साल्दान्य यांनी अंतोनींची जीवित्वकथा इथल्या लोकांच्या भाषेत रचली; ती १६५५ मध्ये गोव्यात रोमी लिपीत छापली गेली. फादर स्टीफन्स यांचे पुराण १६१६ चे. याच परंपरेतील हे काम. संताची मूर्ती जेथे पोहोचली तेथे त्याचे चरित्रही पोहोचावे, अशी ती खटपट होती.

पुढे मात्र धागा तुटला. १६८४ मध्ये व्हाइसरॉय काउंट आल्व्होर यांनी तीन वर्षांत स्वभाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, असे फर्मान काढले. लोकांनी भाषा सोडली नाही. पण तिच्यात धर्मशिक्षण देण्याचा उत्साह ओसरला; छापखानाही बंद पडला, तो १८२१ मध्ये पुन्हा सुरू झाला. सारे खापर एका फर्मानावर फोडणे अन्यायाचे होईल. तथापि, आमच्या मते, येथेच मूर्ती राहिली आणि प्रवचन मागे पडले. ज्या संताचे शब्द कोणी ऐकवत नाही, त्याच्याशी लोक मग दोरीने बोलतात.

व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक घोषणापत्रात लोकभक्तीची प्रशंसा करूनच ती उपासनेशी जुळवून घेण्यास सांगितले. ती मोडून काढण्यास नव्हे. मंगळवारच्या नोव्हेनेला येणाऱ्या लोकांना मंगळवारच का, हे विचारून पाहावे. अंतोनींचा दफनविधी मंगळवारी, १७ जून १२३१ रोजी झाला, एवढे सांगितले तरी प्रवचनाला वाट मिळते. पुढे फोर्लीची गोष्ट सांगता येते, आणि त्यांनी तेथे कोणाचा प्रचार केला तेही.