चार्ल्स बर्न: उंचीआड दडलेली गाठ

यंत्रात बिघाड एकीकडे असतो आणि खडखडाट दुसरीकडे ऐकू येतो. शरीराचेही तसेच आहे. पिट्युटरी ग्रंथी मेंदूच्या तळाशी असते, आकाराने वाटाण्याएवढी. तिथे गाठ झाली तर डोके दुखेल, नजर अधू होईल, हे समजण्याजोगे आहे. पण वाढीचे संप्रेरक स्रवणारी गाठ हाडांची वाढ थांबण्याआधीच झाली, तर माणूस उंचच उंच होत जातो.

आयर्लंडचा चार्ल्स बर्न (१७६१–१७८३) असाच सुमारे ७ फूट ७ इंच वाढला. १७८२ मध्ये तो लंडनला आला. लोक पैसे देऊन त्याला पाहायला येत. त्यांना नवल दिसले, आजार दिसला नाही. अवघ्या २२व्या वर्षी तो वारला. आपला देह समुद्रात बुडवावा, अशी त्याची इच्छा असल्याचे सांगतात. तरीही शल्यविशारद जॉन हंटर यांनी पैसे मोजून देह मिळवला आणि सांगाडा आपल्या संग्रहात ठेवला.

१९०९ मध्ये हार्वे कुशिंग आणि आर्थर कीथ यांनी कवटी उघडली. ग्रंथीची खोबण रुंदावलेली होती. २०११ मध्ये दातांतील डीएनएत एआयपी जनुकातील दोष आढळला. तोच दोष उत्तर आयर्लंडमधील आजच्या काही रुग्णांतही आहे. त्यामुळे त्यांच्या नातलगांची वेळीच तपासणी करता येते.

२०२३ मध्ये लंडनचे हंटेरियन संग्रहालय पुन्हा उघडले, तेव्हा सांगाडा प्रदर्शनातून काढलेला होता. संशोधनासाठी मात्र तो राखून ठेवला आहे. निदानाला १२६ वर्षे लागली. समुद्र अजून दूरच आहे.