बोनस: बक्षीस की वाटा?

मागच्या दिवाळीत आमच्या ऑफिसात बोनसऐवजी सोनपापडीचा डबा आला. पगारातला एक रुपयाही कापला नव्हता, तरी सगळे चिडले. मीसुद्धा. मग वाटलं, करारात न लिहिलेल्या पैशासाठी आपण का चिडतो? उत्तर शोधताना मी थेट १९२४ च्या गिरणगावात पोचलो.

झालं असं की पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर मुंबईच्या कापड गिरण्यांनी बक्कळ नफा कमावला. महागाईने कामगार मात्र पिचले होते. मग १९१९ पासून मालक दरवर्षी एक महिन्याच्या पगाराइतका बोनस देऊ लागले. मालकांच्या लेखी ते बक्षीस होतं. कामगारांच्या लेखी? सलग तीन-चार वर्षं मिळालं की माणूस ते धरूनच चालतो. गावी पैसे पाठवायचे, वाण्याची उधारी फेडायची, सगळा हिशेब त्यावरच.

आणि १९२३ चा बोनस मिळणार नाही, असं मालकांनी जाहीर केलं. कारण काय, तर धंदा मंदावलाय.

जानेवारी १९२४ मध्ये दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर गेले. सरकारने मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. निष्कर्ष निघाला की रूढी, कायदा किंवा न्यायबुद्धी, कशाच्याही आधारे कामगारांचा बोनसवर हक्क सिद्ध होत नाही. मार्चमध्ये संप मोडला. हाती काहीच लागलं नाही.

पण प्रश्न काही मिटला नाही. १९५० मध्ये मुंबईच्या गिरण्यांच्याच खटल्यात कामगार अपील न्यायाधिकरणाने सूत्र घालून दिलं: नफ्यातून घसारा, यंत्रांच्या नूतनीकरणाचा निधी, कर आणि भांडवलावरचा परतावा वजा करा. जे उरेल त्यात कामगारांचाही वाटा. म्हणजे बक्षीस गेलं, वाटा आला!

मग १९६५ चा बोनस कायदा आला. किमान बोनस आधी ४ टक्के होता, पुढे तो ८.३३ झाला, तोही कंपनी तोट्यात असली तरी. आता जरा मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडा. १०० भागिले १२ किती? ८.३३. म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, एक महिन्याचा पगार. संपवाले तेवढंच तर मागत होते!

मला यातून एवढंच कळलं: किती मिळालं यावर आपण न्याय ठरवत नाही. आधी काय मिळत होतं आणि समोरच्याने किती कमावलं, हे बघून ठरवतो. तुमच्याकडे यंदा काय मिळालं, पाकीट की डबा? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!