लाखाची गाडी आणि तरुण गिऱ्हाईक

मंडळी, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा शेतकरी म्हणत, लोखंडानं जमीन नासते. ही शंका घालवणं हे नांगर ओतण्याइतकंच मोठं काम होतं. १९१० साली आपल्या औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली, ती हे काम अंगावर घेऊनच.

आता टाटांची नॅनो पाहू. २००८ साली ती दाखवली स्कूटरवर दाटीनं बसणाऱ्या कुटुंबासाठी. बोलबाला झाला ‘लाखाची गाडी’ म्हणून. पण आपल्याकडे दारात गाडी येते ती मान घेऊन. स्वस्ताईची पाटी कोण मिरवणार? ‘सर्वांत स्वस्त’ ही ओळख चुकली, असं रतन टाटांनीही पुढे म्हटलं.

मग कंपनी तरुणांकडे वळली. २०१४ला पॉवर स्टिअरिंगची ट्विस्ट आली, २०१५ला उघडणाऱ्या डिकीची जेनएक्स. सुधारणा खऱ्या होत्या. पण जुनी पाटी तरुणांनी आधीच वाचली होती. २०१८ला उत्पादन थांबल्यातच जमा झालं.

आम्ही तत्त्वज्ञानवाले विचारतो: ‘तरुण’ म्हणजे नेमका कोण? जाहिरातीतला तरुण रंगाला भुलतो. खरा तरुण हप्ता मोजतो, घरात विचारतो आणि चारचौघांत आपण कसे दिसू हे बघतो. गाडी घेणारा हाच असतो.