गळाच्या रिळाचा लगाम

भिलाईच्या पोलाद कारखान्याला पाणी पुरविणाऱ्या मरोदा जलाशयाच्या काठी कोणी काठीला रीळ लावून गळ फेकू लागला, तर त्याची खरी परीक्षा फेकीनंतर होते. हवेच्या विरोधाने गळ मंदावतो; रीळ मात्र आपल्याच वेगात फिरत राहते आणि दोऱ्याचा पार गुंता होतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी केंटकीतील जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने वेगवान रीळ घडविले, तेव्हापासून हा गुंता टाळणे माणसाच्या अंगठ्याकडे होते. तो अंगठा तयार व्हायला फार दिवस लागत.

भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. त्याच दशकात स्वीडनच्या आबू कंपनीने आपल्या ‘अँबॅसडर ५०००’ या रिळात एक युक्ती योजिली. (ही कंपनीही मुळात घड्याळांचीच!) रिळाबरोबर फिरणाऱ्या आडव्या खुंट्यांवर लहान ठोकळे सैल ओवलेले असतात. रीळ फिरताच ते बाहेर सरकून भोवतालच्या कड्याला घासतात. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो; वेग ओसरला की लगाम आपोआप सैल पडतो. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या यंत्रावर बसविलेले फिरते गोळेही वेगाबरोबर असेच बाहेर फाकत. पण ते वाफेची वाट आवळीत, येथे ठोकळे स्वतःच झिजतात.

गळ पाण्याला टेकतो तेव्हा दोरा एकदम थांबतो, मंदावलेल्या रिळातील ठोकळ्यांत जोर उरलेला नसतो. तेथे आजही अंगठाच लागतो.