इजिप्तच्या सहलीतला अर्धा दिवस



येत्या डिसेंबरात आम्ही दोघं इजिप्तला जायचं ठरवतोय. हे कळल्यावर प्रत्येकीचा पहिला प्रश्न एकच असतो, "अगं, तिथं खाणार काय?" त्याचं उत्तर शेवटी देते. आधी दुसरी गोष्ट सांगायची आहे. या सहलीची आखणी करता करता तिथली एक बाई मला भेटली. तिला जाऊन तीन हजारांहून जास्त वर्षं झाली, पण माझं एक राहून गेलेलं काम तिनं माझ्यापुढं आणून ठेवलं.

सहलीचा कागद घरी आला तेव्हा मी नेहमीप्रमाणे पेन घेऊन बसले. बी.कॉम. होऊन नोकरी केली नाही, पण चाळीस वर्षं घराची वही मीच लिहिते. त्यामुळं प्रत्येक ओळीपुढं काय, किती वेळ, किती पैसे हे लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. कागदावर गिझाचे पिरॅमिड होते, तुतनखामेनच्या वस्तूंचं नवं संग्रहालय होतं, लक्सरची मंदिरं होती, नाईलमधून आस्वानपर्यंत बोट होती आणि अबू सिंबेल होतं. खुफू राजाचा मोठा पिरॅमिड साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीचा, मुळात १४६ मीटर उंच. त्यात अंदाजे २३ लाख दगड आहेत म्हणे. हे वाचून यांनी "केवढं काम!" म्हटलं आणि माझ्या तोंडून निघालं, "एवढ्या माणसांचं रोजचं जेवण कोण करत होतं?"

हे हसले, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. गावातल्या पंचकल्याणक पूजेला पाच दिवस माणसं जेवली, तर कोठीघरात काय धांदल उडते हे आपण पाहिलंय. मग मी वाचायला लागले. सुनेनं ग्रंथालयातून दोन पुस्तकं आणून दिली, काही मोबाइलवर वाचलं. गिझाला पिरॅमिड बांधणाऱ्यांची वस्ती सापडली आहे, त्यात भाकऱ्या भाजायच्या भट्ट्याही आहेत. पण माझ्या प्रश्नाचं खरं उत्तर मिळालं ते लक्सरला, देर अल-मदीना नावाच्या एका लहानशा गावात. आमच्या सहलीच्या कागदावर ते नावच नव्हतं.

लक्सरला नाईलच्या पश्चिम काठावर डोंगर आहेत. पिरॅमिडचा काळ संपल्यावर राजांनी आपल्या कबरी या डोंगरांत खोदून घेतल्या. तीच 'राजांची दरी'. त्या कबरी खोदणारे, घासणारे, रंगवणारे कारागीर जवळच एका गावात बायकामुलांसह राहत. इ.स.पू. १५०० च्या सुमारापासून पुढं चारशेहून जास्त वर्षं हे गाव नांदतं होतं. गावाला भिंत आणि आत सत्तरेक घरं, एकाला एक चिकटून. घर अरुंद, एकामागं एक खोल्या. शेवटी स्वयंपाकाची उघडी जागा, तिथं भट्टी आणि जातं. खाली तळघर, वर गच्चीला जिना. मला तर हा नकाशा बघून माझ्या आजोळच्या वाड्याची आठवण झाली. गावात पाणी नव्हतं. सरकारनं नेमलेले पाणके ते खालून आणून घालत. टँकरची वाट बघणाऱ्या आपल्याकडच्या गावांना हे वेगळं सांगायला नको.

या गावाबद्दल इतकं कसं कळलं? तर तिथली माणसं सारखी लिहीत होती. पपायरस महाग, म्हणून डोंगरातल्या चुनखडीच्या कपच्या आणि फुटक्या मडक्यांच्या खापऱ्या हाच त्यांचा कच्चा कागद. बर्नार ब्रुयेर या फ्रेंच संशोधकानं १९२२ ते १९५१ अशी जवळजवळ तीस वर्षं इथं उत्खनन केलं. गावाबाहेर पुढच्या काळात पाण्यासाठी खोदलेला सुमारे ५० मीटर खोल खड्डा आहे. त्या कचऱ्यात हजारो लिहिलेल्या खापऱ्या निघाल्या. त्यांवर धुण्याच्या याद्या आहेत, गाढवाच्या खरेदीचे व्यवहार आहेत, उसनवारी आहे, भांडणं आहेत. राजाच्या कबरीत देवादिकांची चित्रं, आणि इथं आपली रोजकीर्द!

एक खापरी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. दुसऱ्या रामसेसच्या चाळिसाव्या वर्षाचं ते कारागिरांचं हजेरीपत्रक. प्रत्येकाचं नाव, गैरहजेरीचा दिवस आणि वर तांबड्या शाईत कारण. आजारी. विंचू चावला. डोळे आले. घरात सुतक. आणि काहींच्या नावावर कारण आहे की बायको किंवा मुलगी पाळीत आहे. हे वाचून मी पुस्तक मांडीवरच ठेवलं. आमच्या सासूबाईंच्या काळात चार दिवस बाजूला बसायचं, तेव्हा पाणी कोण भरणार, भाकरी कोण थापणार हे घरात कुजबुजत ठरायचं. इथं सव्वातीन हजार वर्षांपूर्वीच्या आसपास ते सरळ सरकारी हजेरीत लिहिलंय, लाजेशिवाय.

आता पगार. नाणी नव्हती, पगार धान्यात. साध्या कारागिराला महिन्याला चार खार गहू आणि दीड खार बार्ली. खार म्हणजे सुमारे ७६ लिटरचं माप. म्हणजे गहूच तीनशे लिटर झाला. आणि हा गहू कोणता, तर आपला खपली! ज्याची हुग्गी आपण सणाला करतो, ज्याला आता शहरात दुप्पट भाव देऊन नेतात, तोच. पापुद्र्यातून तो सोडवायला किती कांडावं लागतं ते मला माहीत आहे. त्या घरांमधली उखळं आणि जाती कोणाच्या हातांनी झिजली, हे वेगळं विचारावं लागत नाही.

हा पगार एकदा थकला. इ.स.पू. ११५७ च्या सुमाराची, तिसऱ्या रामसेसच्या एकोणतिसाव्या वर्षाची गोष्ट. धान्य वेळेवर येईना, तेव्हा कारागीर हत्यारं टाकून निघाले, पहाऱ्याच्या चौक्या ओलांडून राजांच्या मंदिरांपाशी जाऊन बसले. आम्ही भुकेले आहोत, कापड नाही, तेल नाही, भाजी नाही, हे राजाला कळवा, असं त्यांचं म्हणणं होतं. लेखनिकानं ते टिपून ठेवलं. तो पपायरस इटलीत तुरीनच्या संग्रहालयात आहे. जगातला लेखी नोंद असलेला हा पहिला संप मानतात. त्यांना थकलेलं धान्य मिळालं, पण पुन्हा थकलं आणि ते पुन्हा बसले.

आणि आता ती बाई. तिचं नाव नौनख्ते. संप झाला तेव्हा ती याच गावात होती. तिचं पहिलं लग्न एका लेखनिकाशी झालं, तो वयानं खूप मोठा होता. तो गेल्यावर तिनं एका कारागिराशी लग्न केलं आणि तिला आठ मुलं झाली. इ.स.पू. ११४५ च्या सुमाराला, म्हातारपणी, ती गावच्या न्यायसभेपुढं उभी राहिली. साक्षीदारांसमोर तिनं सांगितलं की ती स्वतंत्र स्त्री आहे, आठही मुलं तिनं वाढवली, त्यांचे संसार मांडून दिले, पण आता ती थकल्यावर त्यांतली काही तिच्याकडं बघत नाहीत. ज्यांनी तिला हात दिला, त्यांनाच ती आपलं देईल. बापाच्या दोन-तृतीयांश हिश्श्यात इतरांना वाटा मिळेल, पण तिच्या एक-तृतीयांशात नाही. एका मुलाला तिनं हिश्श्याहून जास्तीचं एक कांशाचं, हात धुवायचं भांडं दिलं. पुढच्या वर्षी नवरा आणि मुलं पुन्हा न्यायसभेत आली आणि तिनं लिहवून ठेवल्याप्रमाणेच होईल, असं कबूल केलं. तो कागद आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे.

तिथल्या बाईला कायद्यानं स्वतःची मालमत्ता ठेवता येत होती आणि हवी त्याला देता येत होती. राजवाड्यातली राणी नव्हे, तळघरात धान्य साठवणारी, माझ्यासारखी घरसंसारी बाई ही. त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

मैत्रिणींनो, मनातलं सांगते. सहा वर्षांपूर्वी वडील गेल्यावर भावांनी हक्कसोडपत्र पुढं केलं आणि मी सही केली. भावांवर माझा राग नाही. माहेरचा उंबरा मोकळा राहावा म्हणून आपल्यापैकी कितीजणी अशी सही करतात! १९५६ चा वारसा कायदा आपल्या जैन समाजालाही लागू आहे आणि २००५ पासून वडिलार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, हे मला ठाऊक होतं. जमीन सोडल्याचं मला तितकं वाटत नाही. वाटतं ते याचं, की किराण्याचं बिल दोनदा तपासणाऱ्या मी तो कागद वाचलासुद्धा नाही. नौनख्ते स्वतःच्या तोंडानं बोलली. मी मान खाली घालून सही केली.

आणि माझं जे आहे, आईकडचं थोडं सोनं, माझ्या नावची ठेव, त्याचं मृत्युपत्रही मी केलेलं नव्हतं. विषय काढला की घरात सगळे "असलं अभद्र कशाला" म्हणतात. पण आपली जुनी माणसं शिखरजीला निघताना देणंघेणं मिटवून, क्षमा मागूनच निघायची ना? त्यात अभद्र काय होतं? मग मी यांना सांगितलं, तिकिटं काढायच्या आधी मी मृत्युपत्र करणार. हे दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मीही करतो. एकाच वेळी जाऊ."

मागच्या आठवड्यात ते काम झालं. या वेळी प्रत्येक पान मी वाचलं, दोन ठिकाणी दुरुस्तीही करायला लावली. आईचं तांब्याचं घंगाळ सुनेच्या नावे लिहिलंय. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दोन महिने तिनंच मला आंघोळीचं पाणी काढून दिलं. मुलगी म्हणाली, "आई, मला विचारलं असतंस तर मीही हेच सांगितलं असतं."

आता सहलीचं. सहल कंपनीला सांगून लक्सरच्या पश्चिम काठावरचा अर्धा दिवस मी देर अल-मदीनासाठी मागून घेतला आहे. राजांच्या दरीच्या तिकिटात हे गाव येत नाही, तिकीट वेगळं काढावं लागतं. म्हणून आधीच बोलून ठेवा. तिथं सेन्नेजेम नावाच्या कारागिराची कबर आहे, १८८६ साली बंद अवस्थेत सापडलेली. तो आणि त्याची बायको परलोकातल्या शेतात गहू कापताहेत, असं रंगीत चित्र तिच्या भिंतीवर आहे. राजांच्या कबरी रंगवणाऱ्यानं स्वतःसाठी काय रंगवलं, ते बघायला मिळतं. कबरीत उतरायला पायऱ्या आहेत आणि वाट ठेंगणी आहे, तेव्हा गुडघेवाल्यांनी सावकाश.

आणि खाणं! इजिप्तमधले कॉप्टिक ख्रिस्ती लोक वर्षातले दोनशेहून जास्त दिवस उपवास धरतात आणि त्यांत मांस, अंडी, दूध वर्ज्य असतं. अशा जेवणाला 'सियामी' म्हणतात. त्यांचा नाताळ ७ जानेवारीला, त्याआधीचा उपवास २५ नोव्हेंबरपासून, म्हणजे आमच्या सहलीत नेमका चालू. फक्त या उपवासात त्यांना मासे चालतात, म्हणून 'मासाही नको' हे वेगळं सांगायचं. कांदा-लसणाचंही तसंच. बसल म्हणजे कांदा, तोम म्हणजे लसूण, आणि बटाट्याला बतातिस म्हणतात, तो शब्द विसरायची सोयच नाही! डिसेंबरात तिथं पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून जेवण साडेचारला मागायचं. शिवाय कडक भाकऱ्या, बिनलसणाची शेंगाची चटणी आणि मेतकूट माझ्या पिशवीत असेलच.

खपलीच्या रव्याचे लाडूही करून नेणार आहे. त्या गावातल्या एखाद्या स्वयंपाकघराच्या भिंतीपाशी बसून एक खायचा, असं मनात आहे. परत आले की सगळं लिहीन. तोवर तुमच्यापैकी कोणी सह्या करायला निघाली असेल, तर आधी कागद वाचा एवढंच सांगते.

जय जिनेंद्र.