रस्त्याची खबर : असईच्या उतारापासून कॅमेऱ्यापर्यंत

बुलढाणा जिल्ह्यात नवख्या माणसाची चौकशी करताना गावाच्या आधी एक प्रश्न येतो, ‘घाटावरचे की घाटाखालचे?’ चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हे तालुके घाटावर. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव घाटाखाली. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तर त्याहून पलीकडे, पूर्णा नदी ओलांडून. मुघलांच्या काळापासून वऱ्हाडाचे बालाघाट आणि पाइनघाट असे दोन भाग मानत आले, ते याच डोंगरपायरीमुळे. मलकापूरहून बुलढाण्याला यायचं तर राजूर घाट चढायचा. खामगावहून यायचं तर बोथ्याचा घाट आणि ज्ञानगंगेचं जंगल. पावसाळ्यात घाटात दरड आणि खाली पूर्णेला पूर. अशा मुलखात घर सोडण्याआधी पुढचा रस्ता विचारून घेणं ही जुनी रीत आहे. हल्ली जगात अनेक ठिकाणी लोक रस्त्यावरच्या कॅमेऱ्याचं चित्र पाहून मगच गाडीची किल्ली उचलतात. या सवयीची वंशावळ शोधू गेलं तर तिच्या दोन शाखा दिसतात. एक खबरीची, म्हणजे प्रवाशाला रस्ता कसा आहे हे कळवण्याची. दुसरी पहाऱ्याची, म्हणजे रस्त्यावरून कोण जातंय हे सरकारला कळवण्याची. या दोन शाखांचा घोळ आजही सुटलेला नाही.

मराठी फौजांत पुढे चालणारी तुकडी म्हणजे बिनी. वाट, पाणी, मुक्कामाची जागा पाहणं तिच्याकडे. पत्रं आणि बातम्या पोचवायला जासूदजोड्या असत. एक वाटेत अडला तरी दुसरा पोचावा, असा त्यामागचा हिशेब. घाटांवर मात्र वेगळा बंदोबस्त असे. तिथं चौकी, जकात आणि घाटपांडे. खबरवाला वाटसरूच्या बाजूचा, चौकीवाला वाटसरूवर नजर ठेवणारा. दोघंही त्याच वाटेवर उभे, पण धनी वेगळे.

खबरीचं मोल किती, हे बुलढाण्याच्या शेजारीच, भोकरदन-जाफराबादच्या मुलखात, २३ सप्टेंबर १८०३ रोजी दिसलं. असईजवळ केळणा नदीच्या पलीकडे शिंदे-भोसल्यांची फौज आणि अलीकडे इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली. वाटाड्यांनी सांगितलं, इथं नदीला उतार नाही. वेलस्लीनं दुर्बिणीतून पाहिलं, तर पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावं नदीच्या दोन तीरांवर अगदी समोरासमोर दिसली. इतक्या जवळच्या गावांतली माणसं नदी ओलांडत नसतील हे शक्यच नाही, असा त्यानं अंदाज बांधला. उतार खरंच होता आणि त्यावरून फौज पार झाली. वाटाड्यांना खबर देता आली नाही, ती गावांच्या जागेनं दिली. वेलस्ली पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि ही गोष्ट त्यानं नंतरही सांगितली.

इंग्रजी अमदानीत कापसानं रस्त्यांना महत्त्व आणलं. वऱ्हाडची काळी माती पावसात अशी चिकटते की बैलगाडीचं चाक फिरायचं थांबतं. कापूस मुंबईच्या वाटेला लावायचा तर नुसता रस्ता असून भागत नसे, तो आज चालू आहे का हे कळावं लागे. त्यावर उत्तर म्हणून रेल्वे आली. १८६०च्या दशकात भुसावळहून निघालेला लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव असा गेला. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते जलंब-खामगाव शाखा सुरू झाली आणि खामगावचा कापूस थेट रुळावर चढला.

रेल्वेनं आणलेली खरी नवलाईची गोष्ट म्हणजे ‘लाइन क्लिअर’. पुढचं स्टेशन ‘वाट मोकळी आहे’ असं कळवत नाही तोवर मागच्या स्टेशनातून गाडी सुटायची नाही. नांदुऱ्याचा मास्तर तारेवरून विचारणार, पुढचा मास्तर उत्तर देणार, वेळ नोंदवली जाणार, आणि उत्तर चुकलं तर त्याची नोकरी पणाला. निघण्याआधी पुढची वाट तपासायची आणि सांगणाऱ्यानं जबाबदारी घ्यायची, ही सक्ती इथं पहिल्यांदा नियमात बसली. ती रुळांपुरतीच राहिली. शेजारच्या डांबरी रस्त्याच्या वाट्याला असा मास्तर कधीच आला नाही.

रस्त्यानं मग आपली सोय आपणच करून घेतली. १९४८ साली पुणे-नगर गाडीनं एसटीची सुरुवात झाली. पुढं गावोगाव मुक्कामी गाड्या जाऊ लागल्या. रात्री गावात थांबलेली गाडी पहाटे सुटली, म्हणजे नाला उतरला, रस्ता चालू. ती अजून पाराजवळच उभी असली की शहाणा माणूस सायकल बाहेर काढत नसे. स्टँडवर वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीशी गर्दी व्हायची ती तिकिटासाठी कमी आणि ‘समोरून कुठली गाडी आली का?’ हे विचारायला जास्त. येणाऱ्या गाडीच्या पत्र्यावरचा चिखल आणि चाकाची ओल हेच रस्त्याचं ताजं चित्र. नाल्यावरच्या रपट्याच्या कडेला चुन्यानं रंगवलेले दगड असत. दगड दिसताहेत तोवर जायचं, दिसेनासे झाले की थांबायचं. हे साधं मोजमाप आजही कित्येक ठिकाणी चालतं.

ट्रकवाल्यांनी आपली लिपी तयार केली. वळणावर रस्त्यात निंबाचा डहाळा पडलेला दिसला की समजायचं, पलीकडे गाडी बंद पडली आहे. दगडांची रांग म्हणजे चाक खोललंय. समोरच्यानं डिपर मारला की पुढं काही तरी आहे. जनावरं, अपघात, नाहीतर पोलीस. या शेवटच्या अर्थात खबर आणि पहारा समोरासमोर येतात. पोलीस ज्याच्यावर नजर ठेवतात, तोच दुसऱ्याला नजर चुकवायला मदत करतो. तरी डहाळा ठेवणाऱ्याला कुणी पगार देत नाही, आणि त्या डहाळ्यानं किती जीव वाचवले असतील याची नोंद कुठंच नाही.

मोबाइल आल्यावर स्टँडवरच्या खिडकीचं काम खिशात आलं. ‘भाऊ, खिरोड्याच्या पुलावरून पानी चालू हाय काय?’ ‘हाय न, पन आत्ताच एक टँकर गेला.’ या दोन वाक्यांत किती माहिती आहे पाहा. पाणी आहे, पण किती, ते टँकरच्या उंचीवरून ओळखायचं. आणि ‘आत्ताच’ या शब्दानं खबरीचं वय सांगितलं. पूर्णा ओलांडायची तर शेगावकडून संग्रामपूरकडे जाणारे खिरोड्याच्या पुलाचं विचारतात, नांदुऱ्याहून जळगाव जामोदला जाणारे येरळीच्या. व्हॉट्सअ‍ॅपनं यात व्हिडिओची भर घातली आणि तिथंच एक खोड शिरली. गढूळ पाण्याखालचा पूल सगळीकडे सारखाच दिसतो. गेल्या वर्षीचा व्हिडिओ यंदाच्या पावसात पुन्हा फिरतो आणि त्यावर तारीख नसते.

गुगलच्या नकाशावरचे हिरवे-लाल पट्टे २०१२ साली भारतातल्या काही मोठ्या शहरांत आले. हे पट्टे रस्त्याकडे पाहत नाहीत, रस्त्यावरच्या फोनांचा वेग मोजतात. शहरात ते चालून जातं. पण पुरानं बंद झालेल्या पुलावर गाड्याच नसतात, म्हणून फोन नसतात, म्हणून कोंडीही नसते. बंद रस्ता आणि मोकळा रस्ता यांतला फरक फोनांच्या गर्दीवरून कळत नाही. तो कळायला कुणीतरी प्रत्यक्ष पाहावं लागतं.

पाहून मग निघायचं, हे यंत्राच्या डोळ्यानं पहिल्यांदा जमवलं ते रस्त्यासाठी नव्हे, कॉफीसाठी. १९९१ साली केंब्रिजच्या संगणक प्रयोगशाळेत काही संशोधकांनी कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखला. दूरच्या खोलीतून जिने उतरून जायचं आणि भांडं रिकामं सापडायचं, हा हेलपाटा वाचवायला. १९९३मध्ये ते चित्र इंटरनेटवर गेलं आणि जगातला पहिला वेबकॅम म्हणून गाजलं. हीच युक्ती पुढं रस्त्यांवर आली. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात स्नोक्वाल्मी खिंडीतला महामार्ग हिवाळ्यात बर्फानं अडतो. तिथलं परिवहन खातं खिंडीतल्या कॅमेऱ्यांची चित्रं सगळ्यांसाठी खुली ठेवतं. सिएटलमध्ये राहणारी मराठी कुटुंबंही डोंगरापलीकडे निघण्याआधी ती पाहतात. खातं कॅमेरा लावतं आणि पाहतो चालक.

आपल्याकडे कॅमेरा आला तो दुसऱ्या, पहाऱ्याच्या शाखेतून. मुंबईवरच्या २००८च्या हल्ल्यानंतर शहरभर कॅमेऱ्यांचं जाळं उभं करायचं ठरलं आणि २०१६च्या सुमारास ते उभं राहिलं. त्याचं चित्र पोलिसांच्या नियंत्रण कक्षात दिसतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४मध्ये वाहतूक व्यवस्थापनाची नवी यंत्रणा सुरू झाली. वेगमर्यादा ओलांडली, लेन तोडली की ई-चलान घरी.

बुलढाण्याच्या घाटावरून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. १ जुलै २०२३च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा इथं खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. त्या वर्षी परिवहन विभागानं प्रवेशद्वारांवर गाड्यांचे टायर तपासायला घेतले. झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या जात. तपासणी गरजेचीच होती. पण तिची दिशाही लक्षात घ्यावी. रस्ता गाडीची चौकशी करतो, गाडीला मात्र रस्त्याची चौकशी करायची सोय नाही. पुढच्या पन्नास किलोमीटरवर पाऊस आहे की धुकं, अपघात होऊन लेन बंद आहे का, हे नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर दिसत असेलही, पण मेहकरहून चढणाऱ्या चालकाला ते घरी बसून पाहता येत नाही.

पहारा नको असं नाही. पण त्याच खांबावरून खबरही देता येते. चेहरे आणि नंबरप्लेट न ओळखू येण्याइतकं ढोबळ, दर काही मिनिटांनी बदलणारं एक स्थिर चित्र, त्यावर ठळक वेळ. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओला जे जमत नाही ते त्या वेळेच्या चार आकड्यांनी साधतं. सुरुवात समृद्धीवरून नव्हे, खिरोडा, येरळी आणि राजूर घाट इथून व्हावी. आणि चित्राखाली एका अधिकाऱ्याचं पद लिहिलेलं असावं. कॅमेरा बंद पडला, चित्र शिळं झालं, तर विचारायचं कुणाला हे लोकांना कळलं पाहिजे. नांदुऱ्याच्या स्टेशनमास्तरला जे उत्तर द्यावं लागत होतं, ते पूर्णेवरच्या पुलासाठी कुणीतरी द्यायला हवं.