कायद्याच्या वहीतली नाती



मागच्या महिन्यात आपल्या एका श्रोत्या काकूंनी विचारलं होतं, "आमची थोरली लेक अमेरिकेची नागरिक झाली. आम्हा दोघांना बोलावून घेते म्हणते. पण धाकटीचं काय? आणि थोरलीच्या सासूबाईंचं?" उत्तर शोधायला आम्ही बसलो आणि धागा थेट शंभर वर्षं मागे गेला. म्हणून आज सुरुवात तिथूनच करतो.

१९१५ साली कला बागाई नावाची एक बाई पेशावरहून नवरा आणि तीन मुलगे यांच्यासह सॅन फ्रान्सिस्कोला उतरली. त्या काळी तिथे आपल्याकडच्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. दोनच वर्षांनी, १९१७ मध्ये, अमेरिकेने आशियातल्या बहुतेक देशांच्या लोकांना दार बंद केलं. आधी गेलेले पंजाबी शेतकरी कॅलिफोर्नियात राबत राहिले आणि त्यांच्या बायका गावी वाट बघत राहिल्या. त्यातल्या कित्येकांनी पुढे तिथल्या मेक्सिकन बायकांशी लग्नं केली. त्यांच्या संसारांवर पुस्तकं निघाली आहेत. गावी राहिलेल्या बायकांबद्दल मात्र आम्हाला फारच थोडं वाचायला मिळालं.

कलाबाईंचे यजमान वैष्णो दास १९२१ साली नागरिक झाले. पण १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की भारतीय माणूस 'गोरा' नव्हे, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. ज्यांना नागरिकत्व मिळालं होतं त्यांतल्या अनेकांचंही काढून घेण्यात आलं. वैष्णो दास यांचंही गेलं. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. कलाबाईंनी तिन्ही मुलं एकटीने वाढवली.

बायकांच्या वाट्याला आणखी एक कायदा होता. नागरिक होण्यास अपात्र ठरलेल्या पुरुषाशी लग्न केलं, तर जन्माने अमेरिकन असलेल्या बाईचंही नागरिकत्व जायचं. क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्या पत्नी मेरी यांच्यावर ही वेळ आली. १९३१ मध्ये तो नियम सुटला. नागरिक पुरुषाला बायको आणणं जितकं सोपं होतं, तितकं नागरिक बाईला नवरा आणणं सोपं नव्हतं. ती तफावत १९५२ च्या कायद्याने दूर केली.

मधल्या काळात, १९४६ साली, भारतीयांना नागरिक होण्याची मुभा मिळाली. नव्याने येणाऱ्यांसाठी जागा किती? अख्ख्या देशाला वर्षाला १००. आपल्याकडे लग्नाच्या एका पंगतीला याहून जास्त पानं बसतात.

खरी गंमत १९६५ मध्ये झाली. देशनिहाय जुन्या जागा रद्द करायचं ठरलं. मायकेल फीगन नावाच्या खासदारांनी आग्रह धरला की हुशारी बघण्याआधी नातेवाईक बघा. त्यामागचा हिशेब असा, की देशात बहुतेक लोक युरोपातले आहेत, म्हणजे नातेवाईकही युरोपातलेच येतील आणि रंगरूप फारसं बदलणार नाही. म्हणून रांगेतल्या जागांपैकी २४ टक्के एकट्या भाऊ-बहिणींना दिल्या, शिकलेल्या व्यावसायिकांना फक्त १० टक्के. त्या वर्षी ३ ऑक्टोबरला स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी सही करताना राष्ट्राध्यक्ष जॉन्सनसुद्धा म्हणाले की हा काही क्रांतिकारक कायदा नव्हे.

हिशेब चुकला. युरोप तोवर सावरला होता, तिथून यायची घाई फारशी कुणाला नव्हती. आपल्याकडचे डॉक्टर, इंजिनिअर त्या दहा टक्क्यांतून गेले, पाच वर्षांनी नागरिक झाले आणि भावाबहिणींचे अर्ज भरू लागले. ज्या फटीतून आपली माणसं थोडी जाणार होती, तिथून कुटुंबंच्या कुटुंबं गेली.

आता काकूंचा प्रश्न. कायद्याच्या वहीत नाती चारच: जोडीदार, आईवडील, मुलं, भावंडं. आत्या, मावशी, भाचा, पुतण्या, आजी, कुणालाच जागा नाही. त्यातही नागरिकाचा जोडीदार, २१ वर्षांखालची अविवाहित मुलं आणि नागरिक स्वतः २१ वर्षांचा असेल तर त्याचे आईवडील, एवढ्यांना वार्षिक मर्यादा नाही. बाकीचे रांगेत. भावंडांची रांग सर्वांत लांब, कारण त्यांना साऱ्या जगासाठी वर्षाला ६५ हजार जागा आहेत आणि एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांची मर्यादा. आपल्या देशातल्या भावंडांना पंधरा वर्षांहून जास्त थांबावं लागतं. तोवर त्यांची स्वतःची मुलं २१ ओलांडून बहुधा यादीतून गळतात.

सासूबाईंसाठी सून अर्ज करू शकत नाही, तो त्यांच्या मुलानेच करायचा, आणि तोही नागरिक झाल्यावर. नुसत्या ग्रीन कार्डावर आईवडिलांना बोलावता येत नाही. आम्हाला मात्र यातली दुसरी बाजू आवडली. मुलीच्या घरचं पाणीही न पिणारे आईवडील आपण पाहिलेत. या वहीत माहेर-सासर असा कॉलमच नाही. लेक स्वतःच्या नावाने आईवडिलांचा अर्ज भरते.

पण सही करताना तिने डोळे उघडे ठेवावेत. १९९६ च्या कायद्यापासून बोलावणाऱ्याला खर्चाची लेखी हमी द्यावी लागते, आणि ती कोर्टात लागू होते. आलेला माणूस नागरिक होईपर्यंत किंवा साधारण दहा वर्षांचं काम त्याच्या नावे जमेपर्यंत ती चालते. नवऱ्याला बोलावलं आणि पुढे घटस्फोट झाला, तरी हमी सुटत नाही.

राहिली धाकटी. आईवडील गेले म्हणून ती त्यांच्याबरोबर जात नाही. हे अनेकांना विमानाची तिकिटं बघायला लागल्यावर कळतं. तिच्यासाठी दोन वाटा आहेत. बहिणीने अर्ज केला, तर लांबची रांग, पण मध्ये लग्न झालं तरी अर्ज टिकतो. आईवडिलांनी ग्रीन कार्ड मिळाल्यावर अर्ज केला, तर रांग त्या मानाने आखूड, पण ते नागरिक होण्याआधी तिने लग्न केलं तर तो अर्ज त्या दिवशी रद्द. या एका ओळीपायी मुलींची लग्नं वर्षानुवर्षं लांबवणारी घरं आहेत, आणि गुपचूप लग्न लावून पुढे खोटं बोलल्याबद्दल अडकलेलीही. मुलीला विचारून हे ठरवलेलं घर आम्हाला अजून भेटायचं आहे. दोन्ही अर्ज एकाच वेळी भरता येतात, हे सांगायचं राहिलं. नियम बदलत असतात, तेव्हा भरण्याआधी तिथल्या जाणत्या वकिलाला विचारावं.

काकूंना आम्ही फोन केला, हे सगळं सांगितलं. त्या जरा गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "धाकटीला बघायला रविवारी पाहुणे यायचेत. थांबा, फोन तिच्याच हातात देते."